किती रिचवल्या?

आमच्या धामणगाव बढेचा पोरगा पुण्याहून सुट्टीत आला की मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला : किती बाटल्या रिचवल्या? खाल्लं काय, हे कोणी विचारतच नाही. (रेक्टर सर, बिअरला कायद्यानं २१ वर्षं पूर्ण लागतात. लेख फायनल इयरवाल्यांसाठीच आहे!)

अरे, बाटली सगळीकडे त्याच कंपनीची. एका बारमधून दुसऱ्यात जायचं ते तिथल्या स्वयंपाकघरासाठी. मसाला पापड मऊ पडलेला, चणे शिळे, तर उठावं सरळ. आपण मात्र बसतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातल्या परमिटवरून ‘परमिट रूम’ हे नाव आलं, पण मंद दिवे अन् पडदे अजून आपल्या डोक्यात आहेत. कोणी काका बघतील म्हणून घटाघटा प्यायचं. चव कशी कळणार?

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’नं जागेवरच बिअर बनवायला सुरुवात केली. अशा गव्हाच्या बिअरला चक्क केळ्याचा वास येतो. केळं घालत नाहीत, ती करामत यीस्टची! ते कळायला एक ग्लास पुरतो.

गावाकडं दुकान बंद करायला ‘आडव्या बाटली’ला मत देणाऱ्या बायांशी माझं भांडण नाही. त्यांनी रिचवणारेच पाहिलेत.