टोमॅटो ताटासाठी, रोप बाजारासाठी

टोमॅटो हे असे पीक आहे की ते शेतकऱ्याला आणि गृहिणीला आळीपाळीने रडविते. २०२३ सालचेच उदाहरण घ्या. त्या वर्षी मे महिन्यात भाव मिळेना म्हणून नाशिक भागातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतून दिले. दोन महिने उलटले नाहीत तोच, जुलैत, अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर-दीडशेच्या वर गेला. केंद्र सरकारला दिल्ली व आणखी काही शहरांत आधी ९० रुपये, मग ८० आणि मग ७० रुपये किलोने टोमॅटो विकावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या एका अभ्यासनिबंधाप्रमाणे ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. बाकीचे वाटेत मुरतात.

अशी भाववाढ झाली की घरच्या घरी भाजी पिकवण्याची हाक उठते. हाक चांगली आहे, आम्ही तिच्या बाजूचे आहोत. परंतु तिच्या मागोमाग आता एक नवा बाजारही उभा राहिला आहे. रंगीत कुंड्या, खताच्या पुड्या, बियाण्याची पाकिटे एका खोक्यात घालून दोन-दोन, तीन-तीन हजारांना विकली जातात. 'घरबसल्या महिना हजारो कमवा, माल आम्हीच परत घेऊ' अशा जाहिराती भिंतीवर आणि मोबाईलवर झळकतात. आमच्या मोहल्ल्यांतील ज्या भगिनी शिलाई करून, जरीकाम करून, पापड लाटून चार पैसे बाजूला टाकतात, त्यांच्याच गाठोड्यावर या जाहिरातींचा डोळा आहे. म्हणून या विषयाचा व्यापारी हिशेब एकदा स्वच्छपणे मांडणे आम्हांस जरुरीचे वाटते.

हिशेब काय सांगतो?

समजा, एका घराने गच्चीवर दहा डबे लावले. हॉटेलवाले आणि बावर्ची यांच्याकडून तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे भंगाराच्या भावात मिळतात. ते धरायचेच नाहीत असे मानू. एका डब्याला माती, शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मिळून ६० रुपये, काठी-सुतळी १० रुपये, रोप ५ रुपये. दहा डब्यांचा खर्च ७५० रुपये झाला. नीट निगा राखली तर एका झाडाला दोन किलो टोमॅटो येतील असे धरू. वीस किलो माल, बाजारभाव ३० रुपये, म्हणजे ६०० रुपयांचा. पहिल्या हंगामात दीडशे रुपयांची तूटच! दुसऱ्या हंगामात तीच माती घरच्या खताची भर घालून वापरता येते. मग खर्च २०० रुपयांवर येतो आणि चारशे रुपये सुटतात. आकडे गावोगाव बदलतील; वाचकांनी आपल्या गावच्या भावाने हा हिशेब स्वतः करून पाहावा.

कोणी म्हणेल, भाव शंभरावर गेला की हेच वीस किलो दोन हजारांचे होतील. येथेच खरी गोम आहे. जून-जुलैत टोमॅटो महागतो तो उगाच नव्हे. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की टोमॅटोचे फूल गळते, फळ धरत नाही. जे ऊन शेतकऱ्याच्या झाडाला मारते तेच ऊन गच्चीवरच्या डब्यालाही मारते. उलट डब्यातली मुठभर माती जास्तच तापते. गच्चीवर टोमॅटो उत्तम येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप लावले तर, म्हणजे हिवाळ्यात, आणि तेव्हा बाजारातही टोमॅटो स्वस्तच असतो. तेव्हा 'कुंडीतला टोमॅटो महागाईवर इलाज' असे जो सांगतो तो अर्धेच सांगतो.

मग लावावे काय?

लावावे, जरूर लावावे. पण काय आणि कशासाठी हे ठरवून लावावे. ज्या घरात रोज सालन शिजते तेथे रोज लागणारी वस्तू म्हणजे कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची आणि कढीपत्ता. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागते आणि निम्मी सडकी निघते. पुदिन्याची एक काडी रुजली की तो वाढतच राहतो. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. मिरचीची चार-पाच झाडे एका कुटुंबाची बरीचशी गरज भागवतात. या भाज्यांना खोल डबा लागत नाही. फळवाल्याकडचे जुने क्रेट आत गोणपाट घालून भरले तरी पुरते.

टोमॅटोसाठी मात्र फूटभर खोल आणि १५ ते २० लिटरचे भांडे हवे, बुडाला पाच-सहा भोके हवीत, आणि किमान सहा तास ऊन हवे. ज्या खिडकीत दोन तास ऊन येते तेथे पाने येतील, फळ येणार नाही. पाणी रोज ठराविक वेळी द्यावे. एक दिवस कोरडे आणि एक दिवस तुडुंब असे झाले की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. तो रोग नव्हे, अनियमित पाण्यामुळे झाडाला चुना नीट न मिळाल्याचे ते लक्षण असते. पाने आकसून गोळा होऊ लागली तर पांढरी माशी आली असे समजावे आणि निंबोळी अर्काची फवारणी करावी. फार बिघडलेले झाड उपटून टाकलेले बरे.

बियाणे घेताना एक गोष्ट पाहावी. संकरित वाणाचे फळ भरघोस येते, पण त्याचे बी धरून पुढे लावले तर तसेच झाड मिळत नाही. 'पुसा रुबी' किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'धनश्री', 'भाग्यश्री' असे सरळ वाण घेतले तर घरचे बी पुढच्या हंगामाला चालते. दरवर्षी पाकीट विकत घेण्याची गरज उरत नाही.

खत घरचेच करावे. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, वाळलेली पाने पुरेशी आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले; तोच ओला कचरा येथे कामी येतो. हाडे, मांसाचे तुकडे आणि उरलेले सालन मात्र त्यात घालू नये; उंदीर येतात आणि शेजाऱ्याला त्रास होतो.

दोन इशारे

पहिला इशारा डब्यांचा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत सायझिंग आणि रंगाईच्या कारखान्यांतले रिकामे ड्रम स्वस्तात मिळतात. ते खाण्याच्या भाजीसाठी कदापि वापरू नयेत. ज्यात रसायन होते त्या ड्रममधले टोमॅटो मुलांच्या पोटात घालणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

दुसरा इशारा वजनाचा. वीस लिटरची ओली माती भरलेली कुंडी पंचवीस किलोच्या आसपास जाते. अशा चाळीस कुंड्या म्हणजे एक टन. आमच्या वस्त्यांतील कित्येक इमारती जुन्या आहेत आणि त्यांच्या गच्च्या आधीच गळतात. अशा ठिकाणी कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या कडेने ठेवाव्यात, आणि जाणकाराला दाखविल्याशिवाय गच्ची भरू नये. भाडेकरूने मालकाची आणि सोसायटीतल्याने सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

व्यापार आहे तो रोपांत

आता मुख्य मुद्दा. दहा-वीस डब्यांतला टोमॅटो विकून कोणाचा संसार चालणार नाही. एकराने पिकवणाऱ्या नारायणगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याशी गच्चीने भावात स्पर्धा करू नये, आणि आपल्याच मोहल्ल्यातल्या बागवान बांधवाच्या गाडीशीही करू नये. पण ज्या घरांना भाजी लावायची हौस आहे त्यांना चांगले रोप, भरलेला डबा आणि खात्रीचे खत हवे असते, आणि तेच त्यांना जवळपास मिळत नाही.

रोपांसाठी ९८ कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे मिळतो. तो जेमतेम दोन फूट लांब आणि एक फूट रुंद असतो. दहा ट्रे वीस चौरस फुटांत मावतात आणि त्यांचे वजनही फारसे नसते. समजा, ट्रे, भुसा आणि बी मिळून एका ट्रेला १५० रुपये लागले आणि ७५ रोपे विकण्याजोगी निघाली. तीन रुपयांना एक याप्रमाणे ती बागवानाला दिली तर २२५ रुपये येतात. तो गाडीवर भाजीसोबत पाच रुपयांना विकतो आणि त्यालाही दोन रुपये सुटतात. दहा ट्रेंमागे सुमारे पंचवीस दिवसांत साडेसातशे रुपये. ही श्रीमंती नव्हे. पण भांडवल दीड हजाराचे आहे, ट्रे पुन्हा वापरता येतात, बाई घराबाहेर न पडता हे करू शकते आणि बुडाले तर घर बुडत नाही. जम बसला की काठी बांधलेले, फुलावर आलेले मिरचीचे किंवा टोमॅटोचे झाड डब्यासकट विकावे. त्यात रोपापेक्षा अधिक सुटते.

यासाठी व्याजाचे कर्ज काढण्याचे काहीच कारण नाही. दोन ट्रेंनी सुरुवात करावी आणि नफ्यातून चार करावेत. दहा भगिनींनी मिळून भुसा आणि ट्रे घाऊक आणले तर खर्च आणखी उतरतो. जेथे बिनव्याजी पतसंस्था किंवा बैतुलमाल आहे तेथे अशा लहान धंद्याला प्राधान्य मिळावे असे आम्ही सुचवू. बियाण्याची पाकिटे विकायची असतील तर मात्र १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. रोपे किंवा खत मोठ्या प्रमाणावर विकण्यापूर्वीही तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

माप पुरे, बोलणे साफ

या धंद्यात फसवणुकीला वाव फार आहे. खताच्या पोत्यात वर काळेभोर खत आणि खाली ओली माती भरता येते. संकरित सांगून साधे रोप खपवता येते. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणारे आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला न मानणारे प्रेषित (स.) ज्यांचे आदर्श आहेत, त्यांच्या पोत्यात वर-खाली एकच माल असला पाहिजे. शाळा, मदरसे किंवा सोसायट्या रोपांसाठी आगाऊ पैसे देत असतील तर रोप कोणत्या वाणाचे, किती, किती दिवसांचे आणि कोणत्या तारखेला द्यायचे हे लिहून ठरवावे. शरीअतने 'सलम' व्यवहाराला हीच अट घातली आहे, आणि व्यापारी म्हणूनही ती शहाणपणाची आहे. जो विकणारा ही बोलणी टाळतो आणि नुसता 'माल परत घेऊ' म्हणतो, त्याला पैसे देऊ नयेत.

मशिदींच्या विश्वस्तांनाही एक विनंती. वजूखान्यातले पाणी रोज गटारात जाते. पाण्यासाठी तिष्ठणाऱ्या गावांत हा इस्राफच आहे. ते पाणी टाकीत साठवून आवारातल्या पन्नास कुंड्यांना सहज पुरेल, आणि तेथे उगवलेली कोथिंबीर-मिरची मोहल्ल्यातल्या एखाद्या निराधार घरी पोहोचेल. मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तोही त्याच्यासाठी सदका ठरतो, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. तिच्यात गच्ची आणि शेत असा भेद नाही.

पावसाळा सरत आला की सप्टेंबरात पहिले दोन ट्रे भरावेत. आधी आपल्या घराचे दहा डबे लावावेत, ते जगवून दाखवावेत, आणि मगच दुसऱ्याला रोप विकावे. ज्याच्या स्वतःच्या गच्चीवर झाड उभे आहे त्याच्याच रोपावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते.