साखरेसोबत मनाचीही विचारपूस

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक दर तीन महिन्यांनी माझ्याकडे तपासणीला येत. मधुमेह जुना, पण साखरेच्या नोंदींची वही सुवाच्य अक्षरांत भरलेली असे. एका खेपेस त्यांची ‘एचबीए१सी’ बरीच वाढलेली दिसली. मी गोळी वाढवली. पुढच्या खेपेस वही कोरी होती. थकवा होता, झोप उडाली होती, अन्नावर वासना नव्हती. मी पुन्हा साखरेलाच दोष दिला. निघताना त्यांच्या सूनबाई दारात थांबून म्हणाल्या, “डॉक्टर, बाबा हल्ली वर्तमानपत्रसुद्धा उघडत नाहीत.” जे मी विचारायला हवे होते, ते त्यांनी सांगितले.

थकवा, निद्रानाश, भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे मधुमेहाची तशीच नैराश्याचीही. म्हणूनच नैराश्य साखरेच्या आड दडून राहते. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. मन खचले की फिरणे थांबते, औषधे चुकतात, साखर वाढते. त्याने मन अधिकच खचते. जेवण टाळून काही गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र नेमाने घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्राथमिक चाचणीसाठी दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? उदास, खिन्न किंवा निराश वाटले का? प्रत्येक उत्तराला गुण द्यावेत: मुळीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा अधिक आल्यास डॉक्टर नऊ प्रश्नांची सविस्तर चाचणी घेतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय किंवा मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने होणारी बी-१२ची कमतरता यांचीही शहानिशा करावी लागते.

ही विचारपूस वर्षातून एकदा व्हावी. शिवाय इन्सुलिन सुरू होताना, पायाची जखम चिघळल्यास, दृष्टी अधू झाल्यास किंवा जोडीदाराच्या निधनानंतर आवर्जून व्हावी. घरच्यांनी प्रश्न निवांतपणे विचारावेत आणि उत्तर ज्याचे त्याला देऊ द्यावे. “मन खंबीर ठेवा” या उपदेशाने आजार बरा होत नाही. समुपदेशनाने आणि गरजेनुसार औषधांनी होतो. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती परस्पर बंद करू नयेत. “आता जगून काय करायचे?” असे उद्गार आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य अहोरात्र मिळते, मराठीतूनही.

गुरुजींची वही काही महिन्यांनी पुन्हा भरू लागली. पुढच्या तपासणीला जाताना आपणही साखरेच्या अहवालासोबत या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून न्यावीत. डॉक्टर विचारायला विसरले, तर आपण होऊन सांगावीत.