‘लागणे’ : एका उपेक्षित क्रियापदाच्या निमित्ताने

मराठी समीक्षेला शब्दांचे प्रेम आहे. मात्र ते प्रामुख्याने नामांचे आहे. ‘आशय’ आणि ‘घाट’, ‘वास्तव’ आणि ‘अनुभव’, ‘परंपरा’ आणि ‘नवता’ या जोड्यांवर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशानेही एखाद्या क्रियापदाच्या वाट्याला आलेली नाही. रेमंड विल्यम्स यांचा ‘कीवर्ड्‌स’ १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रभावातून मराठीत कळशब्दांचा शोध घेण्याची जी हौस निर्माण झाली, तीही ‘संस्कृती’, ‘लोक’, ‘आधुनिकता’ अशा भारदस्त मंडळींपुरतीच राहिली. शैलीविज्ञानाने तरी बोलीतल्या साध्या शब्दांकडे पाहावे, अशी अपेक्षा होती. परंतु काव्यभाषा म्हणजे नित्यभाषेच्या नियमांचे उल्लंघन, हे सूत्र त्याने इतक्या श्रद्धेने स्वीकारले की, नित्यभाषा ही केवळ एक सपाट पार्श्वभूमी उरली. उल्लंघन कशाचे झाले हे सांगण्यापुरताच तिचा उल्लेख करायचा आणि पुढे जायचे. त्या पार्श्वभूमीत काय काय चालले आहे, हे पाहण्याची गरज कोणालाच भासली नाही.

‘लागणे’ हे क्रियापद घ्यावे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. आग लागते, वेड लागते, निकाल लागतो. झाडाला फळे लागतात, सूर्याला ग्रहण लागते, घरात सुतक लागते. प्रवासात गाव लागते, प्रवासाला वेळ लागतो आणि पैसेही लागतात. दिवा लागतो तसा डोळाही लागतो. पहिल्याने उजेड होतो आणि दुसऱ्याने अंधार. अमुक मनुष्य तमक्याचा मामा लागतो. आमटी खारट लागते, बोलणे मनाला लागते, मूल बोलू लागते, म्हाताऱ्याला काठी घ्यावी लागते. एस.टी.च्या स्थानकावर ‘गाडी लागली का?’ या प्रश्नाने फलाटाची चौकशी होते, आणि घाटाच्या चौथ्या वळणावर ‘गाडी लागते’ या विधानाने खिडकीची जागा मागितली जाते. ‘लग्न लागले’ या वाक्यात तर ‘लग्’ हा एकच धातू दोनदा आला आहे, एकदा तत्सम वेषात आणि एकदा तद्भव. मंगलाष्टकांच्या गलबल्यात ही द्विरुक्ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

कोशकारांनी या क्रियापदाची उपेक्षा केली, असे म्हणता येणार नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त त्याला ऐसपैस जागा मिळाली आहे. अर्थांची गणना करणे हे कोशकाराचे कर्तव्यच होय. दोष आहे तो त्या गणनेलाच अर्थविचार समजणाऱ्या समीक्षेचा. कवितेच्या ओळीत असा शब्द आला की ‘अनेकार्थता’ अशी चिठ्ठी चिकटवायची आणि एम्पसनचे नाव घ्यायचे, हा आता परिपाठ झाला आहे. वस्तुतः एम्पसनचा संदिग्धतेवरचा ग्रंथ १९३० चा. त्यानंतर १९५१ साली ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’मध्ये तो ‘ऑनेस्ट’, ‘सेन्स’, ‘ऑल’ अशा साध्या इंग्रजी शब्दांकडे वळला. शब्दाचे अनेक अर्थ एकमेकांशेजारी नुसते पडून राहत नाहीत, ते एकमेकांविषयी काही विधान करीत असतात, हे त्याला तेथे दाखवायचे होते. मराठी अभ्यासक्रमांनी पहिला एम्पसन घेतला आणि दुसरा सोडून दिला. पहिल्याच्या प्रकारांना क्रमांक आहेत; प्रश्नपत्रिकेला ते सोयीचे पडतात.

शब्द एकच आणि अर्थ अनेक, की अर्थ तितके शब्द, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दोन्ही पक्षांची नोंद घेतली आहे. संशय उत्पन्न झाला असता अर्थ कशाने निश्चित होतो, याची जी यादी तेथे येते आणि जी पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उद्‌धृत केली, तिच्यातले पहिलेच नाव ‘संसर्ग’ हे आहे. ‘संसर्ग’ म्हणजे ‘लागणे’च की! हा योगायोग असेल. पण त्याकडे पाहून निदान थबकावे, एवढेही कोणाला सुचू नये, हे आश्चर्य आहे.

‘लागणे’च्या उपयोगांत संपर्काची कल्पना किती चिवटपणे टिकून आहे, हे हिंदीशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. हिंदीत ‘लगना’ हे क्रियापद मत व्यक्त करण्यासाठीही चालते. मराठीने ते काम ‘वाटणे’कडे सोपवले. त्यामुळे मराठीत मुलाचे बोलणे गोड वाटते आणि आंबा गोड लागतो. आंब्याला जिभेपर्यंत यावे लागते. बोलणे दुरूनही चालते. मात्र तेच बोलणे झोंबले तर ते ‘मनाला लागते’, म्हणजे मनालाही जिभेसारखी त्वचा आहे, असे ही भाषा धरून चालते. उलट हिंदी सक्तीसाठी ‘पड़ना’ वापरते, तर मराठी सक्तीलाही ‘लागणे’च वापरते. जावे लागते, सोसावे लागते. भूक जशी माणसाला येऊन भिडते, तशीच सक्तीही येऊन भिडते. या सर्व वाक्यांत माणूस कर्त्याच्या आसनावर नाही. तो ‘त्याला’, ‘तिला’, ‘त्यांना’ असा चतुर्थीत उभा आहे आणि जे काही होते ते त्याच्याकडे चालून येते. ‘तो बोलू लागला’ यासारख्या आरंभवाचक रचनेत तो प्रथमेत येतो हे खरे. पण तेथेही बोलणे त्याने ‘सुरू केले’ असे ही रचना म्हणत नाही.

आता या क्रियापदाशेजारी ‘लावणे’ ठेवून पाहावे. भूक, झोप, धाप, उचकी, ठेच या लागतात. त्या कोणी लावीत नाही. आग लागते आणि लावलीही जाते. निकाल, शोध, वेड, नाद यांचेही तसेच. हात चुकून लागतो, मुद्दाम लावला जातो. सक्तीच्या रचनेलाही हा जोडीदार आहे: ‘त्याला जावे लागले’ आणि ‘त्याला जायला लावले’. दोन्ही वाक्यांत तो गेला, हे निश्चित. ‘त्याला जायला हवे होते’ या वाक्यात मात्र तो बहुधा गेलेला नाही. ‘जावे लागले’ आणि ‘जायला लावले’ यांत भेद आहे तो एवढाच की, दुसऱ्या वाक्याला कर्ता पुरवावा लागतो. कोणी जायला लावले? पहिल्या वाक्यात हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या उद्‌भवतच नाही.

हा केवळ व्याकरणातला बारकावा नव्हे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली. तेव्हापासून दलित आत्मकथनांवर विपुल लेखन झाले. त्या लेखनाने बोलीतील शब्दांच्या याद्या केल्या, शिव्यांची चर्चा केली, ‘भाषेचा रांगडेपणा’ गौरविला. स्वतः समीक्षेची वाक्ये मात्र कशी होती? दलितांना गावाबाहेर राहावे लागले. त्यांना अपमान सोसावे लागले. त्यांना मेलेली जनावरे ओढावी लागली. एकही वाक्य खोटे नाही, आणि एकाही वाक्यात गाव नाही. वस्तीला ‘आग लागली’ असे वृत्तपत्राने छापले तर तोच समीक्षक खवळून उठतो आणि ‘लावली’ असे म्हणा, असा आग्रह धरतो. आपल्या प्रस्तावनेत मात्र तो शतकानुशतके ‘लागू’ देतो. गावाने त्यांना गावाबाहेर राहायला लावले, हे वाक्य लिहिण्यास मराठीत कोणतीही अडचण नाही. ते एका अक्षराच्या अंतरावर आहे.

यावर असा आक्षेप येईल की, आत्मकथनकारही ‘लागे’च लिहितात. लिहितात, परंतु भोगणारा जेव्हा स्वतःला चतुर्थीत ठेवतो, तेव्हा ज्या सक्तीला एक चेहरा नाही, जी पाटलापासून पाणवठ्यापर्यंत सर्वत्र पसरली आहे, तिचे ते अचूक व्याकरण असते. टीकाकाराने तीच रचना उचलली की ती सहानुभूतीची भाषा होते आणि कर्ता सुखरूप निसटतो. रचना तीच आणि बोलणारा वेगळा. एवढ्याने अर्थ पालटतो, हे तरी ‘संदर्भा’वर व्याख्याने देणाऱ्यांना सांगण्याची पाळी येऊ नये.

या दोन क्रियापदांमधील अंतर समाजाने नेहमीच ओळखले आहे. ‘हात लागला’ ही गयावया असते, ‘हात लावला’ हा आरोप असतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते तहान लागली म्हणून प्याले नव्हते आणि हातही चुकून लागला नव्हता. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, कारण पाण्याला हात लागलेला नसून लावलेला आहे, हे त्यांना पुरते कळले होते. या घटनेचे निवेदन ‘लागणे’ने करता येत नाही. इतिहासात अशी वाक्ये असतात; त्यांच्यापाशी भाषेचे एक रूप निकामी ठरते आणि दुसरे अपरिहार्य होते. शैलीविज्ञानाला ‘नियमोल्लंघन’ शोधायचेच असेल तर ते येथे शोधावे.

जेथे ‘लावणे’ हवे तेथे मराठी समीक्षा ‘लागणे’ वापरते. आणि जेथे ‘लागणे’ हवे तेथे तिने ‘लावणे’चा हट्ट धरला आहे. हे दुसरे क्षेत्र म्हणजे तिचे स्वतःचेच: अर्थाचे. ‘अर्थ’ हे नाम भूक-तहानेच्या वर्गात बसत नाही, ते शोध-निकालाच्या वर्गातले आहे. अर्थ लागतोही आणि लावलाही जातो. सामान्य वाचक ही दोन्ही क्रियापदे बिनचूक वापरतो. अभंगाचा अर्थ त्याला बऱ्याच दिवसांनी लागतो. शेजाऱ्याच्या मौनाचा तो भलताच अर्थ लावतो. पहिल्यात वाट पाहणे आहे, दुसऱ्यात जबरदस्तीची शक्यता आहे. समीक्षेने या दोहोंना निरोप देऊन ‘अर्थनिर्णयन’ हा शब्द घडविला. ‘निर्णयना’ला न्यायासन लागते, निर्णय देणारा लागतो, आणि एकदा निर्णय दिला की प्रकरण निकालात निघते. त्यानंतर वाचककेंद्री सिद्धान्त आले, स्टॅन्ली फिश यांचा १९८० चा ग्रंथ संदर्भसूचीत मानाने विराजमान झाला, आणि वाचक अर्थ ‘निर्माण’ करू लागला. न्यायाधीशाच्या जागी कारखानदार आला. कर्त्याचे आसन मात्र एकदाही रिकामे झाले नाही.

गाडामर यांनी १९६० मध्ये आकलनाला घटनेचे स्वरूप दिले, वाचणाऱ्याच्या बाबतीत काही घडते असे म्हटले, तेव्हा तो विचार समजून घेण्यासाठी मराठी अभ्यासकांना इंग्रजी भाषांतराचे अनुवाद करावे लागले. ‘मला आत्ता अर्थ लागला’ हे वाक्य त्यांच्या घरात रोज बोलले जात होते.

एवढे म्हटले की देशीवादाचा शंखनाद करण्यास काही जण उभे राहतील. त्यांनी अंमळ थांबावे. ‘लागणे’च्या पोटात एक संपूर्ण अर्थमीमांसा दडली आहे आणि ती केवळ मराठीच्या पुण्याईने, असा दावा येथे मुळीच अभिप्रेत नाही. या धातूचे वंशज हिंदीत आहेत, गुजरातीत आहेत. गाडामर यांची जर्मन तर अगदीच निराळी, तरीही विचार तेथे पोहोचलाच. उलट मराठीत हे क्रियापद शतकानुशतके असून मराठी समीक्षेला त्याचा काहीएक उपयोग झाला नाही. भाषा विचार करीत नाही. ती विचाराला जागा करून ठेवते. त्या जागेवर कोणी बसले नाही तर ती रिकामीच राहते. देशीपणाच्या नावाने बोलीतले चार ठसकेबाज शब्द गोळा करून परभाषी सिद्धान्ताला चिकटवणे, हा ‘लावण्या’चाच आणखी एक प्रकार आहे.

दुर्बोधतेचा वाद या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखा आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि नवकवितेवर दुर्बोधतेचे आरोप सुरू झाले. ‘दुर्बोध’ हे विशेषण आहे. ते कवितेच्या कपाळी मारता येते आणि मग दोष पूर्णतः कवितेचा ठरतो. आरोपाचे खंडन करणाऱ्यांनीही ते विशेषण काढून दुसरे लावले: ‘संश्लिष्ट’, ‘बहुस्तरीय’, ‘व्यामिश्र’. ‘अर्थ लागत नाही’ हे साधे विधान मात्र दोन्ही पक्षांनी टाळले, कारण त्यात वाचकाला चतुर्थीत उभे राहावे लागते. हे विधान कवितेविषयी नाही की वाचकाविषयीही नाही. ते दोहोंमधल्या न जुळलेल्या संपर्काविषयी आहे, आणि ‘अजून’ हे अव्यय त्याला कधीही जोडता येते. ‘दुर्बोध’ला ते जोडता येत नाही.

विद्यापीठीय अध्यापनाने या ‘अजून’ची उरलीसुरली शक्यताही मिटवून टाकली आहे. पंधरा गुणांच्या प्रश्नात अर्थ लावूनच दाखवावा लागतो, तोही तीन तासांत आणि पुरवणी न घेता जमल्यास उत्तम. नेमलेल्या संग्रहातील एखाद्या ओळीचा अर्थ लागलेला नाही, असे उत्तरपत्रिकेत लिहून तो कोठे अडला आहे, हे नेमके दाखवणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला गुण देण्याची तरतूद कोणत्याही आदर्श उत्तरसूचीत नसते. त्याच ओळीला ‘बहुस्तरीय’ म्हणून पुढे सरकणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो, यथावकाश संशोधनाला लागतो आणि पुढे त्याला नोकरीही लागते.