हाडाला पर्याय, पण कोणासाठी?

तेरणाकाठच्या माकणी-सास्तूर परिसराला हाड मोडणे म्हणजे काय, हे नव्याने सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक जायबंदी झाली. आज भूकंप नसला तरी रस्त्यावरील अपघात आहेतच.

हाड नुसते मोडले तर ते सांधते. परंतु त्याचा तुकडाच नाहीसा झाला, तर पोकळी भरावी लागते. त्यासाठी शल्यविशारद बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा अंश काढून घेतात. हा उपाय उत्तम खराच. पण त्यापायी दुसरी जखम होते, आणि मोठ्या पोकळीला तो अंश पुरत नाही.

येथे सच्छिद्र सिरॅमिकचा विचार येतो. आपल्या हाडातील खनिज हे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे संयुग असते. तशाच संयुगाच्या भुकटीत जळून जाणारा पदार्थ मिसळून ती भट्टीत भाजली, की छिद्रे मागे उरतात. कुंभार मातीत भुसा वा लीद कालवतो, त्याहून तत्त्व निराळे नाही. ही छिद्रे साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठी आणि एकमेकांस जोडलेली हवीत. तरच रक्तवाहिन्या आत शिरतात व नवे हाड धरते. अडचण अशी की, छिद्रे वाढवावीत तो पदार्थ ठिसूळ होतो. म्हणून मांडीच्या हाडात तो एकटा भार पेलू शकत नाही. पट्टी किंवा सळईचा आधार लागतोच. चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

हे ज्ञान परकीयांचीच मिरासदारी आहे, असेही नव्हे. थिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यांनी या विषयात काम केले आहे. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि जिल्हा रुग्णालय यांना जोडणाऱ्या दुव्याची.

२०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरविल्या, तेव्हा शरीरात बसवावयाची वस्तू केवळ बाजाराच्या हवाली करता येत नाही, हे तत्त्व मान्य झाले. तेच तत्त्व येथेही लावावे. देशी बनावटीच्या अस्थिपूरक पदार्थांना शासकीय खरेदीत स्थान द्यावे आणि ते वापरलेल्या प्रत्येक रुग्णाची पुढील काही वर्षांची नोंद जिल्हा रुग्णालयाकडून संशोधकांपर्यंत पोहोचवावी.