वॉरंटी कुठल्या गावची?

आपला मराठी माणूस दुकानात शिरला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला "केवढ्याला?" आणि दुसरा "गॅरंटी किती वर्षांची?" दुसऱ्या प्रश्नावर दुकानदाराने दोन बोटं वर केली की आपलं समाधान होतं आणि हात पाकिटाकडे जातो. ही गॅरंटी देणार कोण आणि कुठे, हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र तो सर्वांत आधी विचारावा, असं आमचं ठाम मत झालं आहे. आपण वस्तू घेतो दुबईत, मिरवतो नाशिकला, आणि ती बिघडते मुलगी शिकायला गेलेली असते त्या तिसऱ्याच गावी.

विषय निघायला निमित्त झालं एका लेन्सचं. मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचं काम गेली काही वर्षं आमच्याकडे आहे. (मानधन : एक प्लेट बटाटेवडे आणि चहा.) मागच्या रांगेत उभं राहून रंगमंचावरच्या नटाचा चेहरा टिपायचा तर ७०-२०० मिलिमीटरची, अंधारातही चालणारी लेन्स लागते, आणि ती स्वस्त नसते. घरच्या अर्थखात्याची मंजुरी मिळायला दोन गणेशोत्सव गेले. मंजुरी मिळाल्यावर दुकानातला भाव आणि ऑनलाइन भाव ताडून पाहिला, तर तब्बल नऊशे दिरहमचा फरक! परत करायची मुदत किती, परत न्यायचा खर्च कुणाचा, हे वाचून घेतलं आणि मागवली.

तिसऱ्या दिवशी खोकं आलं. लेन्स झकास. कार्डावर मात्र सगळा मजकूर जपानी, विक्रेत्याचा शिक्का नाही, तारखेची जागा कोरी. सोबत एक चिठ्ठी : "एक वर्षाची सेलर वॉरंटी." आम्ही लेन्सवरचा सीरियल नंबर टिपून कंपनीच्या इथल्या सर्व्हिस सेंटरला कळवला आणि सरळ विचारलं, ही लेन्स उद्या बिघडली तर तुम्ही फुकट दुरुस्त कराल का? दुसऱ्याच दिवशी नम्र उत्तर आलं : हा माल आमच्या या भागातल्या अधिकृत वितरणातला नाही, दुरुस्ती करू पण पैसे पडतील.

"बाबा, पण लेन्स तर तीच आहे ना?" आमच्या कन्यकेने विचारलं. "मग प्रॉब्लेम काय?"

प्रश्न बिनतोड आहे. लेन्स तीच असते. ती नकली नसते, चोरीची नसते, त्याच कारखान्यात त्याच काचेची घडलेली असते. फरक फक्त ती कुठल्या वाटेने आली याचा. कंपनी जगाचे विभाग पाडते आणि प्रत्येक विभागात अधिकृत वितरक नेमते. तो वितरक जाहिरात करतो, दुरुस्तीचं केंद्र चालवतो किंवा त्याचा खर्च उचलतो, सुटे भाग साठवतो, आणि हा सगळा खर्च किमतीत येतो. दुसऱ्या कुणाला तीच लेन्स जपानात किंवा हाँगकाँगात स्वस्तात मिळाली, येनचा भाव पडलेला असला, तर तो ती उचलून इथे आणतो आणि कमी भावात विकतो. याला ग्रे मार्केट म्हणतात. काळा बाजार नव्हे, पांढराही नव्हे. म्हणजे ते नऊशे दिरहम ही सवलत नव्हती. दुरुस्तीची जबाबदारी वगळल्यावर उरलेली किंमत होती ती.

मुंबईकरांना हे नवीन नाही. फोर्टातल्या बोराबाजारात किंवा हाजी अलीच्या हीरा पन्नात ज्यांनी एके काळी 'इम्पोर्टेड' वस्तू घेतल्या, त्यांना तिथली गॅरंटी आठवत असेल : माल पायरीवरून खाली उतरला की संपली. पण तेव्हा निदान दुकानदाराचा चेहरा माहीत असायचा. पुढल्या शनिवारी जाऊन भांडता यायचं. भांडणाला उपयोग नसला तरी जीव हलका व्हायचा.

दुबईत हा प्रकार जास्त आढळतो याचं कारण या शहराच्या धंद्यातच आहे. जबल अलीचा फ्री झोन १९८५ साली सुरू झाला, आणि एका देशातून आलेला माल दुसऱ्या देशात पाठवणं हा दुबईचा जुना, प्रतिष्ठित व्यापार आहे. त्यातला थोडा इथेच झिरपला तर नवल नाही. त्यात आता ऑनलाइनची भर. २००५ मध्ये इथे सुरू झालेली सूक डॉट कॉम अॅमेझॉनने २०१७ साली विकत घेतली आणि २०१९ मध्ये तिचं अॅमेझॉन डॉट एई झालं. नूनही २०१७ चंच. अशा ठिकाणी एकाच वस्तूच्या एकाच चित्राखाली अनेक विक्रेते असतात. आपल्याला वाटतं आपण मोठ्या नावाकडून घेतोय, प्रत्यक्षात विकणारा भलताच कुणी असतो. मोठं नाव फक्त गोदाम आणि गाडी पुरवतं. म्हणून चित्र, तारे आणि भाव बघून झाले की 'विकणारा कोण' ही बारीक अक्षरांतली ओळ वाचावी. 'इंटरनॅशनल व्हर्शन' असे शब्द दिसले तर जास्तच सावकाश वाचावी. इंटरनॅशनल म्हटलं की आपल्याला वाटतं सगळीकडे चालणार. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो : कुठल्याच ठिकाणची नाही.

'सेलर वॉरंटी' आणि 'मॅन्युफॅक्चरर वॉरंटी' यांतला फरकही असाच. पहिली त्या विक्रेत्याची. तो धंद्यात आहे तोवर ती आहे. दुसरी कंपनीची, पण कंपनीने आखलेल्या हद्दीपुरती. काही कंपन्या काही लेन्सना जगभर चालणारं हमीपत्र देतात, काही देत नाहीत, आणि एकाच कंपनीत कॅमेऱ्याचा नियम एक व लेन्सचा दुसरा असंही असतं. अमेरिकेत तर निकॉनचं धोरण वर्षानुवर्षं असं कडक आहे, की ग्रे मार्केटमधल्या मालाची दुरुस्ती पैसे देऊनही करत नाहीत. तिथे अधिकृतपणे विकल्या गेलेल्या लेन्सच्या सीरियल नंबरामागे 'यूएस' अशी अक्षरं असायची, त्यावरून ती ओळखायची. तेव्हा न्यू जर्सीच्या भाच्याला भेट म्हणून इथून लेन्स नेणाऱ्या मामांनी आधी चौकशी केलेली बरी.

भारतात या प्रश्नाचा न्यायालयात चांगलाच कीस पडला आहे. परदेशातून सॅमसंगचे प्रिंटर आणून विकणाऱ्यांवर सॅमसंगने खटला भरला. २०१२ साली कपिल वाधवा प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलं की अस्सल माल असा आणून विकायला हरकत नाही, मात्र दुकानात ठळक पाटी लावा : हा माल आयात केलेला आहे, सॅमसंग याची वॉरंटी देत नाही, विक्रीनंतरची सेवा आम्ही स्वतः देऊ. आम्हाला हा निकाल फार आवडतो. विकू नका म्हणाले नाहीत, लपवू नका म्हणाले. अशी पाटी प्रत्येक ऑनलाइन पानावर ठळक आली तर आमची तक्रारच नाही. ज्याला नऊशे दिरहम वाचवून जोखीम घ्यायची असेल त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी.

इथला कायदाही ग्राहकाच्या बाजूने बरा आहे, पण अनेकांना त्याचा पत्ता नसतो. २०२० चा संघीय कायदा क्रमांक १५ हा ग्राहक संरक्षणाचा कायदा. विक्रेत्याने हमी पाळावी, दुरुस्ती करावी, सदोष माल बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत, हे त्यात आहे. तो फ्री झोनलाही लागू आहे आणि या देशात नोंदणी असलेल्या ऑनलाइन विक्रेत्यांनाही. 'या देशात नोंदणी असलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. विक्रेता इथला आहे का, हे बिलावरून बऱ्यापैकी कळतं. १ जानेवारी २०१८ पासून इथे ५ टक्के व्हॅट आहे. व्हॅटसाठी नोंदलेल्या विक्रेत्याच्या टॅक्स इनव्हॉइसवर त्याचा १५ अंकी टीआरएन असतो, आणि तो खरा की खोटा हे फेडरल टॅक्स अथॉरिटीकडे ऑनलाइन तपासता येतं. (वर्षाला ३,७५,००० दिरहमच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला नोंदणीची सक्ती नाही, तेव्हा नंबर नसला की लबाडच असं समजू नये. पण हजारो दिरहमच्या लेन्सा विकणारा इतका छोटा कसा, एवढं मनात विचारावं.) आणि वाद झालाच तर दुबईत अर्थ व पर्यटन विभागाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे, अबू धाबी-शारजात तिथल्या आर्थिक विकास खात्याकडे तक्रार करता येते. आपली मंडळी नोकरी आणि व्हिसा सांभाळून असतात, तक्रार म्हटली की दबकतात. सरकारनेच हे दार ग्राहकासाठी ठेवलं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट. यांनी सगळं रीतसर केलं होतं. अधिकृत दुकान, शिक्क्याचं कार्ड, दोन वर्षांची वॉरंटी. लेन्स घेतली २०१९ च्या शेवटी. २०२० साली करोनात कंपनीने माणसं कमी केली, त्यांत हेही गेले. महिन्याभरात घर आवरलं, मिळालं त्या विमानाने पुण्याला परतले. पुढच्या वर्षी लेन्सचा ऑटोफोकस अडकू लागला. कार्डावर अजून सात महिने शिल्लक होते. पुण्यात त्यांना सांगितलं, "साहेब, कार्ड खरं आहे, पण तिकडचं आहे." दुबईला पाठवायची तर जाण्यायेण्याचा खर्च, विमा, आणि परत येताना कस्टमला ही दुरुस्तीला गेलेली आपलीच लेन्स आहे हे पटवायला जातानाचे कागद हवेत. त्यांनी पदरचे पैसे घातले आणि दुरुस्त करून घेतली. फोनवर ते एवढंच म्हणाले, "पैशांचं नाही रे, पण तिथली एकेक गोष्ट तिथेच संपते, हे त्या काउंटरवर कळलं." आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही.

आपल्या व्हिसाप्रमाणेच आपल्या फ्रीजची, टीव्हीची, लेन्सची मुदत या मातीशी बांधलेली आहे. म्हणून ज्यांचं परतायचं एक-दोन वर्षांत ठरलंय त्यांनी महागाची वस्तू घेताना भारतातला भाव अधिक तिथली वॉरंटी आणि इथला भाव वजा इथली वॉरंटी, असा हिशेब कागदावर मांडावा. कधी कधी पुण्यातलं लक्ष्मी रोडवरचं दुकान स्वस्त पडतं.

वॉरंटी खरी असली तरी ती सगळ्याला पुरत नाही, हेही सांगायला हवं. शमालच्या वाऱ्यात वाळवंटात लेन्स बदलली आणि झूमच्या कड्यात वाळू गेली, तर तो आपला खर्च. बुरशीचंही तेच, कंपन्या सहसा ती हमीत धरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आपण एसी बंद करून दोन महिने गावी जातो, बंद घरात दमट हवा कोंडते आणि कपाटातल्या काचेवर बारीक जाळी धरते. सुट्टीला जाताना लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवावी. आणि उन्हाळ्यात गार खोलीतून एकदम बाहेर काढू नये, बॅगेतच अर्धा तास गरम होऊ द्यावी. नाहीतर सगळी काच घामेजते.

हमीत येतो तो कारखान्यातला दोष, आणि तो परत करायच्या मुदतीतच शोधावा. आमची पद्धत अगदी साधी आहे. वर्तमानपत्राची पानं भिंतीवर सपाट चिकटवायची, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला अगदी समोर धरायचा, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्यायचा आणि चारही कोपरे मोठे करून वाचायचे. चारही थोडे थोडे पुसट असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल तर आतली काच मध्यावर बसलेली नाही, लेन्स परत. झूमच्या दोन्ही टोकांना हे करावं. बंद लेन्स हलवल्यावर आत खुळखुळ वाजली तर लगेच घाबरू नये, स्थिरीकरणाची सोय असलेल्या बऱ्याच लेन्समध्ये ती काच बंद असताना सैल असते.

तर आम्ही ती लेन्स परत केली. पैसे आठवड्याने आले. मग दुकानात जाऊन नऊशे दिरहम जास्त मोजून दुसरी घेतली, कार्डावर शिक्का आणि तारीख डोळ्यांदेखत घालून घेतली, बिलावर सीरियल नंबर लिहून मागितला. सौ. म्हणाली, "अहो, दोन वर्षांत बिघडली नाही तर नऊशे वाया गेले म्हणायचे?" आम्ही म्हटलं, "अगं, मग विम्याचे हप्तेही वायाच म्हणायचे." त्यावर ती म्हणाली, तो विषय स्वतंत्र आहे.

एक राहिलं. इथल्या दुकानांची बिलं बहुधा थर्मल कागदावर छापतात. मोटारीच्या कप्प्यात ठेवलं तर इथल्या एका उन्हाळ्यात ते कोरं होतं, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये आपण पांढरी पट्टी हातात घेऊन उभे राहतो. घरी आल्याबरोबर बिलाचा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवावा. त्याला मोबाइलचा कॅमेरा पुरतो.