वेगळे ग्राफिक्स कार्ड कशाला?

आमच्या ताईला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दादा म्हणतो, वेगळे ग्राफिक्स कार्डवालाच घ्या, गेम खेळता येतील. बाबा म्हणतात, तेवढ्या जास्तीच्या पैशात खताची पोती येतात. माझ्या मते बाबांचे बरोबर आहे. साध्या लॅपटॉपात चित्र दाखवायचे काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो. तो लॅपटॉपचीच रॅम वापरतो. म्हणून रॅम १६ जीबी, दोन पट्ट्यांत घ्यावी. अभ्यास, व्हिडिओ, माइनक्राफ्ट एवढे निभते. नवे मोठे गेम अडखळतात, हे दादाचे खरे. पण खेळताना वेगळे कार्ड बॅटरी लवकर संपवते. मग लाईट गेल्यावर ताईने अभ्यास कसा करायचा? पालकहो, तुम्हांला काय वाटते?

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी