विश्लेषण : अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या पेशींना खरेच वाचवतात का?

धाराशिव, तुळजापूर भागात द्राक्षे हंगामात मिळतात. मोबाइलवर मात्र द्राक्षबियांच्या अर्काच्या आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या डब्यांच्या जाहिराती बाराही महिने दिसतात. ‘पेशींची झीज थांबवा’ या दाव्यात तथ्य किती?

फ्री रॅडिकल म्हणजे काय?
पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अस्थिर रेणू तयार होतात. ते शेजारच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. त्यातून पेशीचे आवरण, प्रथिने आणि डीएनएला इजा होते. तंबाखूचा धूर आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे त्यांचे प्रमाण वाढते.

शरीर स्वतः काय करते?
सुपरऑक्साइड डिसम्युटेज (१९६९ मध्ये याचे कार्य उलगडले), कॅटलेज ही विकरे आणि ग्लुटाथिओन हा रेणू पहारा देतात. त्यांच्यासाठी प्रथिने, जस्त, तांबे, लोह, सेलेनियम लागते. मात्र हे रेणू पूर्ण नष्ट होणेही हिताचे नाही. जखमेतील जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी त्यांचाच वापर करतात.

मग गोळ्यांनी फायदा होतो का?
फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्के अधिक आढळले. अमेरिकेतील २०११ च्या निष्कर्षांत ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के अधिक दिसला. कर्करोग वा हृदयविकार टाळण्यासाठी या दोन्ही गोळ्या घेऊ नयेत, असे अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये सांगितले.

आपल्या ताटात काय हवे?
नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा आहे. इथे खरी गरज महागड्या डब्याची नाही, ताटातील विविधतेची आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी-शेपू, मूठभर शेंगदाणे यांतून बरेच काही मिळते. एका मध्यम पेरूतून प्रौढाची दिवसाची ‘क’ जीवनसत्त्वाची गरज भागू शकते. हे जीवनसत्त्व उष्णतेने घटते, म्हणून लिंबू वरून पिळावे.

लक्षात काय ठेवावे?
गर्भवतींना मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वेगळ्या. त्या बंद करू नयेत. कर्करोगावर उपचार सुरू असतील, तर कोणतीही पूरक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि तंबाखू सुटत नसेल, तर त्याची भरपाई कोणतीही गोळी करत नाही.